करडा कठडा

करड्या रंगाला आपल्या सणावारांत जागा नाही. दिवाळी तोंडावर आली की रंगाच्या दुकानांत पाय ठेवायला जागा उरत नाही. देवघराला कोणता, ओट्याला कोणता, दाराला कोणता याची खलबते घराघरांत चालू होतात. पण त्या सगळ्या धांदलीत 'मला जरा करडा दाखवा' असे म्हणणारे गिऱ्हाईक विरळाच. साडीवर हा रंग आला तर त्याला 'पारवा' असे लाडाचे नाव द्यावे लागते, भिंतीवर आला तर 'राखी' म्हणावे लागते. नुसता करडा म्हटला की तो धुळीचा, चुलीतल्या राखेचा आणि म्हातारपणाचा. भाषेनेही त्याला प्रेमाने वागवलेले नाही. करडी नजर आणि करडी शिस्त एवढेच काय ते त्याच्या वाट्याला आले.

अलीकडे मात्र एक मौज झाली आहे. जो करडा रंग आपण माणसांत आणि भिंतींवर सहन करीत नाही, तो लाकडावर फार लोकप्रिय झाला आहे. गंगापूर रोडच्या नव्या इमारतींतल्या तरुण मंडळींच्या घरी जावे, तर पुस्तकांची फळी, चहाचे मेज, झोपाळ्याची पाट हे सारे उन्हापावसात पन्नास वर्षे काढल्यासारखे दिसते. ते वस्तुतः गेल्या महिन्यात घडवलेले असते. कागदावर जुन्या लाकडाचे चित्र छापून तो कागद प्लायवूडवर चिकटवण्याचीही सोय आता झाली आहे. त्या चित्रात भेगा असतात, गाठी असतात, खिळ्यांची भोकेसुद्धा असतात. हात फिरवला तर मात्र सगळे गुळगुळीत!

वडीलधाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते: 'माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत!' म्हणजे नुसते उन्हात उभे राहून हे पिकलेपण आलेले नाही. अनुभवाने आले आहे. माणसाच्या बाबतीत हे खरे असेल. लाकडाच्या बाबतीत मात्र नेमके उलटे आहे. लाकूड पांढरे होते ते उन्हानेच. त्याचे पिकलेपण वयाने येत नाही, ते उन्हापावसाने येते. हा भेद मला पुष्कळ उशिरा, एका कठड्याच्या निमित्ताने उमगला. पण कठड्याकडे वळण्यापूर्वी लाकूड करडे होते म्हणजे काय होते, ते सांगायला हवे.

लाकडाची घडण थोडीफार सिमेंटकाँक्रीटसारखी असते. सेल्युलोजचे लांब तंतू म्हणजे त्यातल्या सळया, आणि लिग्निन नावाचे द्रव्य म्हणजे त्यांना धरून ठेवणारे सिमेंट. उन्हातले अतिनील किरण सळयांना फारसे काही करीत नाहीत, पण सिमेंट फोडतात. फुटलेले लिग्निन पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाते आणि मागे राहतात ते फिकट, रुपेरी तंतू. ओलाव्यावर जगणारी डोळ्यांना न दिसणारी बुरशी त्या तंतूंवर काळे ठिपके देते आणि रुपेरी रंग करडा होतो. ऊन फोडते, पाऊस धुतो आणि बुरशी रंगवते. तिघांचे मिळून हे काम. एकटे ऊन असेल तर लाकूड नुसते पिवळसर किंवा तपकिरी होऊन थांबते. म्हणूनच घरातले खिडकीजवळचे कपाट रंग बदलते, पण करडे होत नाही.

हे सगळे जुन्या नाशकात पुस्तकाशिवाय वाचता येते. सोमवार पेठेतून, तिळभांडेश्वराच्या गल्लीतून किंवा डिंगरअळीतून वर बघत चालावे. उरलेल्या वाड्यांच्या माड्यांना सागवानी कातीव काम आहे. सुरूच्या आकाराचे खांब, त्यांवरचे नक्षीचे हस्त, गणेशपट्टी, पुढे आलेला सज्जा. पागोळ्यांच्या आडोशाला जे लाकूड आहे ते अजून काळपट तपकिरी. जिथे पावसाची झड पोचते तिथून खाली ते एकदम करडे. ही रेषा इतकी स्वच्छ असते की वाटावे, कुणी दोरी धरून आखली आहे. नैर्ऋत्येचा वारा पाऊस घेऊन येतो, म्हणून पश्चिमेला तोंड असलेल्या माड्या पूर्वेच्या माड्यांपेक्षा आधी पिकतात. आणि पाऊसही बेताचा हवा. नाशकात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. तेवढा धुवायला पुरतो आणि मग वाळायला आठ महिने मिळतात. इगतपुरीला तोच तीन हजारांच्या वर जातो. तिथल्या उघड्या लाकडावर करडेपणाबरोबर हिरवे शेवाळही आपला हक्क सांगते.

पुष्कळांना वाटते की करडे झाले म्हणजे लाकूड कुजले. तसे नाही. करडा थर नखापेक्षाही पातळ असतो. थंड देशांत याची मोजदाद झाली आहे: पाइनसारखे मऊ लाकूड उघड्यावर शंभर वर्षांत सुमारे सहा मिलिमीटर झिजते, कठीण लाकूड त्याच्या निम्मे. म्हणजे एका पिढीच्या वाट्याला मिलिमीटरभर आले. त्याखालचे लाकूड ठणठणीत असते. कुजणे ही वेगळी गोष्ट. ती होते जिथे पाणी मुरते आणि वारा लागत नाही तिथे: भिंतीत घुसलेल्या तुळईच्या टोकाला, पत्र्याखाली दडलेल्या वाशाला, फरशीला टेकलेल्या खांबाच्या पायाला. पेचकसाचे टोक टेकवून बघावे. करड्या लाकडात ते शिरत नाही, कुजलेल्यात लोण्यासारखे जाते. उघड्यावर जे पिकते ते टिकते. झाकलेले जे भिजते ते जाते. दर पावसाळ्यात जुन्या नाशकातला एखादा वाडा बसतो तो सज्जामुळे नव्हे. बाहेरून तो सज्जा फार म्हातारा दिसत असतो एवढेच. बसतो तो आतल्या, कुणाला न दिसणाऱ्या टोकांमुळे.

आमचा वाडाही असाच गेला. धोकादायक इमारतींच्या यादीत त्याचे नाव आले, मग नोटीस आली, मग पुनर्बांधणीच्या कागदांवर सह्या झाल्या. वाडा दोघा भावांचा, माझ्या यजमानांचा आणि दिरांचा. वाटणी कायद्याने झाली, बरोबर निम्मी निम्मी, त्यात कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. पण कायद्याने निम्मे केल्यावर मनाने निम्मे होतेच असे नाही. ज्या दिवशी कागद पुरे झाले त्या दिवसापासून दोघा भावांचे बोलणे मुलांच्या मार्फत होऊ लागले. 'बाबांना सांग', 'काकांना विचार' अशा त्या निरोपांनी वर्ष काढले.

घर उतरवताना लाकूडफाटा जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने नेला. दोन वस्तू मात्र कुणालाच विकवल्या नाहीत. एक, माजघरातली अर्धी तुळई, आणि दुसरी, माडीच्या सज्जाचा कठडा. हा कठडा पश्चिमेला तोंड करून होता. त्याला कधी रंग लागला नाही की तेल लागले नाही. वरची पट्टी तेवढी हातांनी घासून घासून गुळगुळीत आणि काळसर झालेली. खालचे कातीव दांडे रुपेरी करडे, बोटांना किंचित खरखरीत, वर्षावर्षाच्या रेघा उठून आलेल्या. एकूण चौदा दांडे होते. उतरवताना तीन मोडले. अकरा राहिले.

दोन्ही नव्या घरांच्या गॅलरीत अर्धा अर्धा कठडा बसवायचा असे ठरले, म्हणजे मुलांच्या मार्फत ठरले. सात इकडे, सात तिकडे. पण अकराचे दोन भाग कसे करायचे? जमिनीची वाटणी दशांशापर्यंत करता येते. दांड्याची येत नाही.

तोडगा आमच्या मिस्त्रींनी काढला. त्यांच्या वडिलांनी वाड्याच्या चौकटी दुरुस्त केल्या होत्या, त्यामुळे वाड्यावर त्यांचाही थोडा हक्क होता. ते म्हणाले, "बाई, माजघरातली तुळई पडली आहे ना? त्यातून तीन दांडे कातून घेऊ. बाहेरचे लाकूड कशाला? त्याच झाडाची भावंडे असतील कदाचित." पेठ-सुरगाण्याच्या आणि डांगच्या रानांतला साग बैलगाड्यांतून नाशकात येई, असे सासरे सांगत. तुळई आणि कठडा एकाच खेपेला आले असतील तर नवल नाही.

तुळईचा तुकडा कातारीकडे यंत्रावर चढला तेव्हा मी तिथे होते. वरचा काजळलेला, शतकभराच्या धुराचा थर क्षणात उडाला आणि आतून जे निघाले ते पाहून मी थक्क झाले. मधासारखे पिवळे, तेलकट, नवेकोरे लाकूड. तसाच किंचित चामड्यासारखा सागाचा वास. जणू झाड काल पडले होते. दीडशे वर्षे झाली, पण त्या लाकडाला त्याचा पत्ता नव्हता. ते आत होते. त्याने माजघरातली बाळंतपणे पाहिली, श्रावणातल्या सवाष्णी पाहिल्या. पण ऊन पाहिले नाही आणि पाऊस पाहिला नाही. तिकडे त्याच वयाचा कठडा बाहेर उभा राहून पार पांढरा झाला होता.

दांडे आकाराने जुळले, रंगाने मात्र जुळेनात. करड्या रांगेत ते तीन पिवळे दांडे एखाद्या कीर्तनात भरजरी कपडे घालून बसलेल्या मुलांसारखे दिसत. त्यांना करडे करायचे काम दिरांच्या मुलाने आणि मी अंगावर घेतले. पुतण्या रसायनशास्त्र शिकलेला, आणि मला स्वयंपाकघर येते. या कामाला दोन्ही विद्या लागतात.

लाकूड झटपट करडे करण्याचे सगळे उपाय अखेर एकाच गोष्टीवर येतात: लोखंड आणि तुरट रस. लोखंडी कढईत आवळकाठी भिजत घातली की सकाळी पाणी काळे होते. केसांना लावायचा तो लेप किती घरांत होतो! विळीवर आवळा चिरला तरी पाते काळवंडते. आवळा, हिरडा, बाभळीची साल, चहा या सर्वांत टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते. त्याची लोखंडाच्या क्षाराशी गाठ पडली की काळा-निळा रंग तयार होतो. आपल्याकडच्या जुन्या शाईच्या कृतींत हिरडा आणि हिराकस येतात ते याचसाठी. युरोपात शेकडो वर्षे जी शाई वापरली ती ओकच्या झाडावरच्या गाठींपासून आणि हिराकशीपासून केलेली. त्या गाठी म्हणजे आपल्या बाळगुटीतले मायफळ. गंमत आहे! ज्या सहाणेवर बाळासाठी हिरडा नि मायफळ उगाळायचे, तिथेच हिराकशीचा खडा पडला तर खत लिहायची शाई होते. स्वीडन-नॉर्वेकडे तर नव्या घरांच्या लाकडी भिंतींना नुसते हिराकशीचे पाणी लावायची रीत आहे. मग काही महिन्यांत ऊनपाऊस उरलेले काम करतात आणि सगळे घर एकसारखे करडे होते.

आम्ही आधी साध्या उपायाने सुरुवात केली. गंजके खिळे व्हिनेगरमध्ये आठवडाभर भिजत ठेवले. बाटलीचे बूच सैल ठेवावे लागते, कारण लोखंड आणि व्हिनेगर यांच्या झटापटीत हायड्रोजन वायू सुटतो आणि त्याला वाट हवी असते. खिळे साध्या लोखंडाचेच हवेत. न गंजणाऱ्या पोलादाच्या घासणीने काही साधत नाही. ते पाणी फडक्याने गाळून तुळईच्या तुकड्यावर लावले, तर रंग आला तो चिखलाच्या डबक्याचा. सागात तुरट द्रव्य पुरेसे नसते. पाइनवर तर नुसते लोखंडाचे पाणी आणखीच फिके पडते, तर बाभळीवर तेच पाणी कोळशासारखे काळे उठते. म्हणून आधी लाकडाला तुरट रस पाजायचा, मग लोखंड दाखवायचे, हा क्रम.

दुसऱ्या तुकड्याला हिरड्याचा दाट काढा दिला, वाळू दिला, आणि हिराकशीचे कडक पाणी लावले. पहिली दोन मिनिटे काहीच होईना. पुतण्या म्हणाला, "काकू, थांबा. याला हवा लागू द्या." आणि पाहता पाहता तुकडा काळाभोर झाला, दौत सांडल्यासारखा! रंग आला होता, पण तो म्हातारपणाचा नव्हता, कलप लावल्याचा होता. मग आम्ही दोन्ही पाणी पातळ करीत गेलो. शेवटी जमले ते असे: तारेच्या ब्रशाने लाकूड रेषेच्या दिशेने घासायचे, म्हणजे मऊ भाग निघतो आणि कठीण रेघा उठतात. हिरड्याचे फिक्या चहासारखे पाणी लावून ते पुरते वाळू द्यायचे. मग लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा हिराकस, एवढेच. भांडे प्लास्टिकचे किंवा काचेचे, आणि खाली जुने वर्तमानपत्र, कारण फरशीवर पडलेला डाग निघत नाही. रंग चढला की स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे.

शेवटचा हात मिस्त्रींचा. मी जवसाचे तेल आणले होते. ते पाहून त्यांनी मान हलवली. "तेल दिले की करडे गेलेच समजा. ओले लाकूड कसे गडद दिसते? तेल लावलेले कायम तसेच दिसणार." त्यांनी मेणात वस्त्रगाळ केलेली शेणीची राख मिसळली, फडक्याने रेघांत भरली आणि कोरड्या कापडाने पुसून घेतली. दांडा हातात घेऊन मी चकित झाले. चार पावले मागे गेले तर अकरांतला कोणता आणि तिघांतला कोणता हे मला सांगता येईना.

तेव्हा मनात एक शंका आली. हे बरोबर आहे का? न भोगलेल्या पावसाचा रंग अंगावर घेऊन हे तीन दांडे इतरांच्या रांगेत उभे राहणार. ही सोंगच म्हणायची. जपानात इसे येथील देवालय दर २० वर्षांनी नव्या लाकडाने पुन्हा बांधतात. मागचे २०१३ साली बांधले. तिथे नव्या लाकडाला नवे दिसण्याची लाज वाटत नाही. उलट १९६४ साली व्हेनिस येथे वास्तुरक्षणाची जी सनद तयार झाली तिने मधला मार्ग सांगितला: गेलेल्या भागाच्या जागी नवा बसवायचा असेल तर तो एकंदर वास्तूशी जुळावा, पण मुळापासून वेगळा ओळखूही यावा. मी मिस्त्रींना हे सांगितले. त्यांनी व्हेनिसचे नाव ऐकले नव्हते. पण त्यांनी दांडा उलटा केला. खाली, जिथे तो पट्टीत बसतो त्या टोकावर, पटाशीने त्या वर्षाचा आकडा आधीच कोरलेला होता. "वडिलांची शिस्त आहे," ते म्हणाले. "वरून जुळले पाहिजे, पण खाली खोटे बोलायचे नाही."

वाटणीच्या दिवशी दोन्ही घरची माणसे आमच्या गॅलरीत जमली. चौदा दांडे सतरंजीवर ओळीने मांडले होते. दोघे भाऊ दोन टोकांना उभे. पुतण्याने मुद्दामच सगळे मिसळून ठेवले होते, म्हणजे कोणाला नवे आले याचा वाद नको. तेवढ्यात वहिनी पुढे आल्या.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. आम्हा दोघींत वयाचे अंतर दीडच वर्षाचे, आणि लग्नेही लागोपाठ झाली. पुढे यजमानांच्या नोकरीत बदल्या झाल्या. जळगाव, सोलापूर, नागपूर असे करीत आम्ही अठ्ठावीस वर्षे बाहेर काढली. वहिनी वाड्यातच राहिल्या. सासूबाईंचे अंथरूण त्यांनी सात वर्षे सांभाळले. गोदावरीला पूर आला की माणसे दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढले आणि सरकारवाड्याच्या किती पायऱ्या बुडाल्या यावरून अंदाज घेतात. त्या अंदाजावर धान्याची पोती वर माडीवर चढवायची की नाही हे वहिनी ठरवीत. २००८ च्या सप्टेंबरात सराफ बाजारात पाणी शिरले त्या रात्री त्या याच कठड्याला धरून पहाटेपर्यंत उभ्या होत्या. आम्हाला ते दुसऱ्या दिवशी फोनवर कळले. पंचेचाळिशीतच त्यांचे केस पांढरे झाले. लग्नकार्यात आम्हाला शेजारी बसलेल्या पाहून नवखी माणसे त्यांना माझ्या सासूबाई समजतात. त्या हसतात आणि 'जाऊ' एवढेच सांगतात.

वहिनी सतरंजीवर बसल्या. चष्मा त्यांनी लावला नव्हता. पहिल्या दांड्यावरून तळहात फिरवला, मग दुसऱ्यावरून, तिसऱ्यावरून. कुणी काही बोलत नव्हते. चौथा त्यांनी उचलून बाजूला ठेवला. मग नववा. मग बारावा.

"हे तीन घरात राहिलेले दिसतात," त्या म्हणाल्या.

आवाजात काही नव्हते. धान्य निवडताना खडा सापडल्यावर माणूस ज्या आवाजात बोलते, त्या आवाजात त्या बोलल्या. पुतण्याने टोके उलटी करून पाहिली. तिन्हींवर आकडा होता. सगळे हसले, मिस्त्रींनी तर हातच जोडले. मी मात्र त्या तीन दांड्यांकडे बघत राहिले. तीच तुळई, तेच रान, तेच वय. एवढेच की ते आत राहिले आणि बाकीचे बाहेर. त्यात त्यांचा दोष नाही, आणि उभे राहिलेल्यांचा त्यामुळे कमीपणाही नाही. पण ज्यांनी झड अंगावर घेतली त्यांच्या अंगाला ती कळते, आणि तिचा हिशेब निम्मे निम्मे करून होत नाही.

मी म्हटले, "वहिनी, अकरांतले सात तुमचे. हे तीन आणि उरलेले चार माझ्याकडे राहू द्यात."

"अगं, असे कसे? बरोबर वाटून घे."

"बरोबरच वाटते आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि सात दांडे एकेक करून जुन्या लुगड्यात गुंडाळायला घेतले. मी दुसरे टोक धरले. तिकडे दोन टोकांना उभे असलेले भाऊ काय करताहेत म्हणून पाहिले, तर दिरांनी खिशातून टेप काढली होती आणि यजमानांना ते थेट विचारीत होते, "तुझ्या गॅलरीची रुंदी किती रे? पट्टी मधोमध कापायची की सांध्यावर?" यजमान म्हणाले, "सांध्यावर. मधे कापली तर तिथे पाणी मुरेल." एवढेच बोलणे झाले. पण ते कोणाच्या मार्फत झाले नाही.

माझा अर्धा कठडा मी गॅलरीच्या पश्चिमेच्या बाजूला, लोखंडी जाळीच्या आत बसवला. तिथे झड थेट येते. बांधकाम बघायला आलेला एक तरुण म्हणाला, "काकू, एवढे जुने लाकूड पावसात का ठेवता? वर पॉलिश तरी मारून घ्या." मी म्हटले, राहू दे.

पहिल्या पावसाळ्यात आमची सगळी कारागिरी उघडी पडली. मेण गेले, राख गेली, हिराकशीचा रंग ठिकठिकाणी उतरला आणि ते तीन दांडे भुऱ्या मांजरासारखे ठिपक्याठिपक्यांचे झाले. पुतण्या पुन्हा काढा करायला निघाला होता, मीच थांबवले. चैत्र-वैशाखाच्या उन्हाने ते आणखी तपकिरी झाले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मात्र दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी माझ्या लक्षात आले की वरच्या अंगाला, जिथे झडीचा मार सगळ्यांत अधिक, तिथे बोटभर रुपेरी रंग आला आहे. तो हिरड्याचा नव्हता, हिराकशीचा नव्हता. पाण्याने बोट ओले करून घासले, तरी तो हलला नाही.

यंदा श्रावणात वहिनी आल्या. खाली रिक्षातून उतरून इमारतीत शिरेपर्यंत भिजल्या होत्या. गॅलरीत येऊन त्यांनी सवयीने कठड्याला हात घातला, खाली रस्त्याकडे पाहिले, आणि मग हात खाली दांड्यावर गेला. एक, दोन, तीन. तिसऱ्यावर तो थोडा थांबला.

"भिजायला लागले गं हे," त्या म्हणाल्या.

आणि आपली ओली छत्री त्यांनी तिथेच, कठड्याच्या पट्टीला अडकवली.